साबणाचे तीन हात

मास्तरांच्या टोपाजीचं डोकं फुटलं नव्हतं. विरघळलंही नव्हतं. गेली अकरा वर्षं ते माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, गोणपाटात गुंडाळलेल्या प्लास्टरच्या गोळ्यात आहे. या श्रावणापर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायको त्या गोळ्याला ‘तुमचा दगड’ म्हणते आणि त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवते. घर बदललं तेव्हा टेम्पोवाल्याने विचारलं होतं, “भाऊ, दगड पन न्यायचा काय? सुकापूरला दगड नाय मिळत?” सगळे हसले. मीही हसलो आणि गोळा मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसलो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, त्याही येतील. पण मी लिहायला बसलोय तो या गोळ्यासाठी. टोपाजी कोण, मास्तर कोण आणि यात गुलाबबाईंचं नाव का खराब झालं, ते नीट सांगतो.

आधी धंदा. आम्ही साचे करतो. पनवेलहून पळस्प्याकडे जाताना डाव्या हाताला नेनेसाहेबांची पत्र्याची शेड होती. तिथे मी मुख्य कारागीर होतो. मूळचा मी गणपतीच्या कारखान्यातला, शाडूत हात बसलेला. पण नेनेसाहेबांकडे देव नव्हते. तिथे रबराच्या बाहुल्या व्हायच्या. हातात घालून नाचवायच्या, बोलक्या बाहुल्यांची डोकी, नाटकवाल्यांना लागणारे साप-सरडे, आणि दुकानाच्या काचेत मांडायची वाकणारी माणसं. या माणसांच्या आत तार असते. हात वर केला तर वर राहतो, मांडी घालून बसवलं तर बसतं.

रबर म्हणजे ड्रममधून येणारा चीक. दुधासारखा पांढरा आणि नाकाला असा झोंबणारा की नवीन माणूस पहिले दोन दिवस रडतच काम करतो. हा चीक प्लास्टरच्या पोकळ साच्यात ओततात. कोरडं प्लास्टर तहानलेलं असतं. ते चिकातलं पाणी पितं आणि साच्याच्या आतल्या अंगाला रबराची साय धरते. साय हवी तितकी जाड झाली की उरलेला चीक परत ओतून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पावडर भुरभुरून ती साय हलक्या हाताने सोलायची, की बाहुलीचं कातडं तयार. दाबलं तर दबतं, सोडलं तर पुन्हा हसतं. एका साच्यातून अशी कितीतरी कातडी निघतात, म्हणून सगळी मदार साच्यावर.

साचा दोन अर्ध्यांचा. मूळ मूर्ती निम्मी शाडूत पुरायची आणि वरच्या निम्म्या भागावर प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की उलटं करायचं, शाडू काढायची आणि उरलेल्या भागावर दुसरं प्लास्टर ओतायचं. गोम इथे आहे. प्लास्टर प्लास्टरला चिकटतं. नवं जुन्याला असं धरतं की मग दोघांत नखसुद्धा शिरत नाही. ते चिकटू नये म्हणून पहिल्या अर्ध्याच्या कडेला उकळून पातळ केलेला साबण लावतात. एक हात लावायचा, मुरू द्यायचा, ओल्या फडक्याने पुसायचा. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्या हातानंतर कडेवर पिवळसर तकाकी येते आणि पाण्याचा थेंब तिच्यावरून अळवाच्या पानावरून पळावा तसा पळतो. सगळ्याला पाऊण तास जातो. घाई करता येत नाही.

आमच्याकडे शिस्त होती. साबणाचा एक हात झाला की अर्ध्याच्या बाहेरच्या अंगाला गेरूची एक रेघ. तीन रेघा दिसल्याशिवाय नेनेसाहेब दुसरं प्लास्टर कालवू देत नसत. ते साबण बघत नसत, रेघा बघत. हे लक्षात ठेवा.

साबण गुलाबबाई लावायच्या. सुकापूरच्या पलीकडल्या गावातल्या, आगरी. घरची भातशेती नव्या वसाहतीत गेली तेव्हा माती चाळायला म्हणून आमच्याकडे आल्या. वर्षभरात साबण त्यांच्याकडे आला आणि तेव्हापासून आमचा एकही साचा अडकला नव्हता. त्या रेघ ब्रशाने ओढत नसत. करंगळीशेजारचं बोट गेरूत बुडवून आखूड, जाडसर रेघ काढत, कुंकू लावल्यासारखी. मी म्हणायचो, “गुलाबबाई, ब्रश आहे की.” त्या म्हणायच्या, “ब्रशाला काय कलतंय? बोटाला कलतं, कड ओली हाय का सुकी.”

एकदा म्हणाल्या, “अनंतभाऊ, तुमी मूर्ती करता त लोक वा वा करतात. मी साबन लावते त कोन बगत नाय. पन एक दिस नाय लावला ना, त सगले बगतील.”

मी हसून सोडून दिलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक भारी यायची. पनवेलमधल्या एका दातांच्या डॉक्टरांना पोरांना दात घासायला शिकवायला रबराची मगर हवी होती. तोंड उघडणारी, बत्तीस दातांची. मी म्हटलं, “डॉक्टर, मगरीला बत्तीस नसतात.” ते म्हणाले, “माझ्या पेशंटला असतात.” मगर इतकी झकास झाली की पहिल्याच दिवशी तिला बघून तीन पोरं खुर्चीवरून उतरून पळाली. डॉक्टर मगर परत घेऊन आले. “हिचे दात पाडा,” म्हणाले. आम्ही दात कातरून हिरड्या गुलाबी रंगवल्या. मग तिला बघून पोरं म्हणू लागली, हिने घासले नाहीत म्हणून पडले. डॉक्टर खूश. त्या मगरीचा साबणही गुलाबबाईंचाच. दातांच्या फटीफटीतून लावला होता.

आता मास्तर. गोविंदमास्तर म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि बोलक्या बाहुलीचे खेळ करणारे. तालुक्यातली क्वचितच एखादी शाळा असेल जिथे ते आणि त्यांचा टोपाजी गेले नसतील. टोपाजी म्हणजे मांडीवर बसेल एवढा, टोपी घातलेला, मोठ्या नाकाचा बाहुला. डोकं मास्तरांनी स्वतः केलेलं, वर्तमानपत्राचा लगदा आणि मेथीची खळ. पहिली नेमणूक कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर होती. तिथे एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती. मास्तरांनी टोपाजी केला, तो तिच्याशी बोलायला लागला, आणि ती पहिल्यांदा बोलली ती त्याच्याशी. म्हणाली, “तुजा नाक मोठा हाय.” नाक खरंच जास्त झालं होतं. मास्तर ते तासून कमी करणार होते. मग नाही केलं.

तर त्या डोक्याचा जबडा खिळखिळा झाला होता. मास्तरांना त्यावरून रबराचं डोकं हवं होतं, म्हणजे गाल हलतील आणि मूळ डोकं घरी जपून ठेवता येईल. ते आले ते टोपाजीला कडेवर घेऊन. टेबलावर ठेवताना त्याला म्हणाले, “टोपाजी, आता जरा झोप हं.”

“मी नाही झोपत!” टोपाजी ओरडला. मास्तरांचे ओठ जराही हलले नव्हते. “हा माणूस माझं तोंड बांधणार आहे. आणि या बाई साबण माझ्या डोळ्यात घालणार!”

गुलाबबाई म्हणाल्या, “तू डोले मीट, मंग नाय जानार.”

“आणि हा?” टोपाजीने मान माझ्याकडे वळवली. “हा हसतच नाही. याच्या तोंडाला तार कुठंय?”

अख्खी शेड हसली. मास्तर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “एक दिवस तुमच्याकडे ठेवतो. जपा. हा दुसरा होणार नाही.” मी म्हटलं, “काळजी नको, मास्तर.”

पहिला अर्धा त्याच दिवशी झाला. डोक्याला तेलाचा हात दिला, कानामागच्या खाचा शाडूने बुजवल्या, ओतलं, सुरेख बसलं. दुसरा अर्धा दुसऱ्या दिवशी करायचा होता.

त्या दिवशी चार वाजता मुंबईचे एक जाहिरातवाले येणार होते. त्यांच्यासाठी आम्ही बेडूक केले होते आणि माझा हात त्यांना आवडला होता. “मैं आके देखता हूं, फिर बात करेंगे,” असं ते मला फोनवर म्हणाले होते. मी छत्तीस वर्षांचा, आयुष्यभर पत्र्याच्या शेडमध्ये. मुंबईत स्टुडिओत काम, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मला त्यांना साचा उघडून दाखवायचा होता. साचा उघडताना ‘टक’ असा आवाज येतो, दोन अर्धे अलगद सुटतात आणि आत उलटा चेहरा दिसतो. बघणारा दर वेळी ‘अरे!’ म्हणतो. चारला उघडायचा तर अडीचपर्यंत ओतायला हवं होतं.

दोन वाजले होते. साबणाचं भांडं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं.

“कडत हाय अजून,” गुलाबबाई म्हणाल्या. “निवला का लावते. तंवर पानी आनते, नलाला पानी नाय.” कळशी घेऊन त्या शेजारच्या विहिरीवर गेल्या. जाताना म्हणाल्या, “मी येस्तवर हात लावू नका.”

त्या गेल्या आणि मी घड्याळ बघितलं. खोबरेल तेलाचा डबा शेजारीच होता. मी फडक्याने कडेला तेल फिरवलं. तेलाने भागत नाही, प्लास्टर ते पिऊन टाकतं, हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, एवढ्याने भागेल. मग मी ब्रश घेतला, गेरूत बुडवला आणि तीन रेघा ओढल्या. लांब, सरळ, एकसारख्या. नेनेसाहेब आले, रेघा बघितल्या, म्हणाले, “हं, चालू दे.”

मी ओतलं.

गुलाबबाई कळशी घेऊन दारात आल्या तोवर प्लास्टर दाटायला लागलं होतं. कळशी काखेतच ठेवून त्या थांबल्या.

“वतलात पन?”

“मी लावला साबण,” मी म्हटलं.

“तीन हात?”

“हो.”

त्यांनी साबणाच्या भांड्याकडे बघितलं. भांडं होतं तितकंच भरलेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. वाकून रेघा बघितल्या आणि कळशी जागेवर ठेवली.

चारला पाहुणे आले. मी साच्याला पाचर लावली, लाकडी हातोडीने दोन ठोके दिले. टक आलं नाही. चार ठोके. गरम पाणी ओतलं. पुन्हा ठोके. हाताला कळत होतं. दोन अर्धे सुटत नसले तरी आवाजात एक फट असते. इथे आवाज अख्ख्या दगडाचा होता. पाहुण्यांनी पाच मिनिटं बघितलं, मग नेनेसाहेबांशी बेडकांबद्दल बोलले आणि निघून गेले. माझ्याशी बोलले नाहीत.

गाडी गेल्यावर नेनेसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही अकरा माणसं होतो.

“साबण कोणी लावला याला?”

माझ्या तोंडातून जे वाक्य निघालं ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. मी म्हटलं, “साबण गुलाबबाईंकडे असतो.”

बघा, यात खोटं काही नाही. साबण त्यांच्याकडेच असायचा. अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मी खोटं बोललो नाही. मी फक्त एक खरं वाक्य निवडून वापरलं.

“गुलाबबाई, काय हे?” साहेब म्हणाले. “तिसरा हात विसरलात? मास्तरांना मी काय तोंड दाखवू?”

गुलाबबाई साच्याजवळ आल्या. रेघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाचरेकडे बघत होतो.

“रेगा तीन हायत, सायेब,” एवढंच त्या म्हणाल्या.

“रेघा काढल्या म्हणजे साबण लागतो का? उद्यापासून माती चाळा तुम्ही.”

त्यांनी साबणाचं फडकं धुऊन पिळलं, दोरीवर टाकलं, भांड्यावर झाकण ठेवलं, रोज ठेवायच्या तसं. डबा घेतला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. पुन्हा कधीच आल्या नाहीत.

इथवरचं पाप एका दुपारचं आहे. पुढचं मी विचार करून केलं.

साहेब मला म्हणाले, “छिन्नीने फोड. साचा जाऊ दे, डोकं वाचव.” मी गोळा मागच्या बाजूला नेला, छिन्नी जोडावर ठेवली, हातोडी उचलली. आणि लक्षात आलं. डोक्याला तेल आहे, ते सुटेल. पण जोड उघडला की कड दिसेल. साबणाचा एक जरी हात लागला असता तरी कड पिवळट दिसते. ही पांढरीफटक निघेल. साहेब रेघा बघत असत, पण एवढी वर्षं धंद्यात होते. त्यांना कळलं असतं की तिसरा हात विसरलेला नाही, पहिलाही लागलेला नाही. आणि गुलाबबाई तीनही हात विसरतील यावर कोणाचाही विश्वास बसला नसता. मग रेघा कोणाच्या, हे त्यांनी नीट वाकून बघितलं असतं.

मी हातोडी खाली ठेवली. गोळा गोणपाटात बांधला. कोपऱ्यात एक फुटका जुना साचा पडला होता, तो चेचून तुकडे केले, त्यात ओला कागद कालवला आणि घमेलं साहेबांना नेऊन दाखवलं. “डोकं कागदाचं होतं, साहेब. ओलाव्याने विरघळलं.”

मास्तर आले. स्टुलावर बसले. घमेल्यात बोटं घालून कागदाचा लगदा चिमटीत घेतला.

“विरघळायचा नाही हो तो,” ते हळूच म्हणाले. “मेथीची खळ होती. वर तीन वेळा तेलरंग दिला होता.”

मी काही बोललो नाही. मितभाषी म्हणून माझी ख्याती आहेच. ती मला त्या दिवशी फार उपयोगी पडली.

मग मी फोटोवरून शाडूत नवा टोपाजी केला. जीव ओतून केला म्हणतात तसा. नाक मोठं, टोपी तशीच, गाल हलणारे. साचा करताना साबणाचे तीनही हात मी स्वतः लावले आणि तो टक करून सुटला. मास्तरांनी डोकं हातात घेतलं, बोटं आत घालून तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

“चांगला झालाय,” शेवटी म्हणाले. “पण हा माझं ऐकतो.”

मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. जुना त्यांचं ऐकत नसे. वर्गात मास्तरांची फजिती करायचा, म्हणून तर पोरं त्याच्याशी बोलायची. दोनेक वर्षांत मास्तरांनी खेळ बंद केले आणि पुण्याला मुलीकडे राहायला गेले. खेळ त्यामुळेच बंद झाले असं मी म्हणत नाही, वय झालं होतं. पण त्यामुळे नाही असंही मला म्हणता येत नाही.

नेनेसाहेबांची शेड पुढे बंद पडली, स्वस्त बाहेरची खेळणी आली आणि रबरी बाहुल्यांना कोणी विचारेना. मी सुकापूरला गाळा घेऊन गणपतीवाल्यांचे साचे करू लागलो. पेण-पनवेलच्या कारखान्यांचं जग लहान. ‘एका बाईने मास्तरांचं डोकं घालवलं’ ही गोष्ट सगळीकडे पोचली होती. माझं नाव त्यात नव्हतं.

घटनेनंतर तीनेक वर्षांनी तळोज्याच्या एका कारखानदाराचा फोन आला. “गुलाबबाई म्हणून एक आल्यात. साबणाचं काम करीन म्हणतात. कोणाला विचारू म्हटलं तर म्हणाल्या, अनंतभाऊंना विचारा. हात कसा आहे?”

“नीट आठवत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी घेतलं नाही. गुलाबबाई नाक्यावर भाजी विकायला बसू लागल्या. मी तो रस्ता बदलला. बायकोला सांगितलं, तिथली भाजी शिळी असते.

या श्रावणात एक गणपतीवाले गाळ्यावर आले. सीझनची धांदल, माणूस हवा होता. म्हणाले, “एक बाई आहेत. भाजी विकतात, पण साबण लावता येतो म्हणतात. तुमचंच नाव सांगतात. दुसरं कोणाचं सांगतच नाहीत.”

“अजून माझंच सांगतात?”

“हो. विचारा अनंतभाऊंना, म्हणे. हात कसा आहे?”

माझ्या हातात ओली शाडू होती. ती खाली ठेवली आणि म्हटलं, “माझ्यापेक्षा चांगला. मास्तरांचा साचा अडकला तेव्हा त्यांनी साबण लावलाच नव्हता. मी लावू दिला नव्हता. रेघा मी ओढल्या होत्या.”

ते तोंडातला तंबाखू सावरत माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे घेऊ की नको?”

“घ्या. आणि रेघा बघू नका, कड बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुलाबबाईंच्या घरी गेलो. त्या ओटीवर बसून माठाच्या जुड्या बांधत होत्या. केस पांढरे झालेत. मला बघून उठल्या नाहीत.

“या,” म्हणाल्या. “साबन संपला काय?”

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाहुणे, तेल, ब्रश, रेघा, तळोज्याचा फोन. त्यांचे हात थांबले नाहीत.

“मना म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“त्याच दिशी. माजी रेग बोटाची. तुमची ब्रशाची. आंदल्याला पन कलली असती.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून? तुमी मूर्तीवाले, मी साबनवाली. सायबांनी कोनाचं धरलं असतं?” जुडी टोपलीत टाकून दुसरी घेतली. “मना वाटलं, तुमी बोलाल. आज नाय त उद्या. म्हनून जो विचारील त्याला तुमचंच नाव सांगायची. कदीतरी खरं बोलतील. अकरा वरसं लावलीत, भाऊ. पीओपी पन एवडा वेल नाय घेत सुकाया.”

मग मी गोळ्याचं सांगितलं. हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा हात थांबले.

“टोपाजी? आत हाय?”

“आहे.”

“फोडलाच नाय तुमी?”

“नाही.”

“माज्यावर घातलात ते मी सोसलं,” त्या म्हणाल्या. “त्याला कशापायी कोंडलात?”

याचं उत्तर मी वर लिहिलंय. मी विचारलं, आता मी काय करू. त्या म्हणाल्या, “जितं बोललात तितं बोला.”

“शेड राहिली नाही. टायरवाला आहे तिथे. नेनेसाहेबही गेले.”

“मंग सगल्यांना आयकू जाईल तितं बोला. कारखानेवाले आयकतील असं. नि मास्तरांचं हाय ते मास्तरांच्या म्होरं फोडा. मी येते. छिन्नी मी धरीन. तुमचा भरवसा नाय.”

उठताना त्यांनी माठाची एक जुडी माझ्यापुढे टाकली. “घ्या. शिली नाय.”

म्हणजे मी बायकोला सांगितलेलं तेही फिरत फिरत त्यांच्या कानावर गेलं होतं.

म्हणून हा लेख. पेण-पनवेलचे सगळे कारखानेवाले हा अंक घेतात, हे मला माहीत आहे. ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली आणि सांगितली, त्यांनी ती आता दुरुस्त करून सांगावी: गुलाबबाईंच्या हातून एकही साचा कधी अडकलेला नाही. अडकला तो माझा.

मास्तरांना मी पत्र टाकलं. एवढंच लिहिलं की टोपाजी माझ्याकडे आहे, बंद साच्यात आहे, कसा राहिला ते समोर येऊन सांगतो. बाईंनाही घेऊन येतो. आठवड्यात कार्ड आलं. अक्षर कापरं, पण मास्तरांचंच. “या. बाईंना पुढच्या सीटवर बसवा. त्याला मांडीवर घ्या, गाडीच्या डिकीत टाकू नका.”

बायकोला तांदळाचा डबा हलवायला सांगितला तेव्हा तिलाही सगळं सांगावं लागलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गोणपाट काढून गोळा ओल्या फडक्याने पुसला. रेघा अजून आहेत. तीन, लांब, सरळ, एकसारख्या.

हा अंक तुमच्या हाती पडायच्या आधी, दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही जाणार. आधी मास्तर, मग तुम्ही, हा क्रम मी ठरवला आहे आणि तो मोडणार नाही. आत काय निघेल ते माहीत नाही. अख्खं डोकं निघेल, नाक तुटलेलं निघेल, नाहीतर एवढ्या वर्षांच्या दमटपणाने नुसता भुगा निघेल. जे निघेल ते मास्तरांचं. पण गुलाबबाईंनी छिन्नी मारून जोड उघडला की आतली पांढरी, साबण न लागलेली कड मला मास्तरांना बोटाने दाखवायची आहे आणि सांगायचं आहे की ही मी अशी ठेवली. ते देणं अजून बाकी आहे.